शब्दचर्चा : हवामान अहवालांत शाश्वत विकासाचा ‘समावेश’ की ‘सांगड’?

प्रश्न : इथल्या इंदूरच्या वाचकांसाठी आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीच्या) अहवालांवर टिपण लिहिते आहे. ‘असेसमेंट’ला ‘मूल्यांकन’ चालेल का? आणि त्यात शाश्वत विकासाचा ‘समावेश’ म्हणावं का?

उत्तर : ताई, ‘मूल्यांकन’ म्हटलं की परीक्षेचे गुण आठवतात. आयपीसीसी स्वतः नवं संशोधन करत नाही. प्रसिद्ध झालेलं संशोधन तपासून कुठल्या निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा ते सांगते. म्हणून ‘चिकित्सक आढावा’.
‘समावेश’ तर अपुराच पडतो. २००७च्या चौथ्या अहवालात तिसऱ्या कार्यगटाने (उत्सर्जन घटवण्याचा विषय पाहणाऱ्या) शाश्वत विकासाला वेगळं, बारावं प्रकरण दिलं. तो समावेश. २०१८च्या दीड अंश तापमानवाढीवरच्या विशेष अहवालात उत्सर्जन घटवणारे उपाय शाश्वत विकासाच्या ध्येयांशी एकेक ताडून पाहिले आहेत : कुठे मदत होते, कुठे नड येते. याला ‘सांगड घालणं’ म्हणावं.

पुरवणी : सांगडीत दोन शब्द लागतीलच. ‘सिनर्जी’ला ‘पूरकता’. ‘ट्रेड-ऑफ’ला ‘तडजोड’ नको, कारण तडजोड दोघांच्या संमतीने होते. इथे एक साधताना दुसरं हातचं जातं. ‘ओढाताण’ लिहा.
उदाहरणं घरचीच द्या. इंदूरच्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी (कचऱ्यापासून वायुइंधन) प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो : डेपोत कुजून सुटणारा मिथेन टळतो, इंधन मिळतं, खतही. ही पूरकता. पण ती घरातल्या बादलीपाशी ठरते. ओल्यात प्लास्टिक गेलं तर पाचक टाकीत ते कुजत नाही, वर तवंग धरतं, ढवळणी अडते, खतातही तुकडे उतरतात.
ओढाताण पाहायची तर माळव्यातला सौर पंप घ्या. डिझेलचा धूर थांबतो, हे चांगलंच. पण पंप बसल्यावर पाणी उपसायला जवळजवळ खर्च नाही, म्हणून तो ऊन असेतो चालतो आणि बोअरची पातळी उतरते. उरलेली वीज ग्रिडला विकता आली, तर शेतकऱ्याला पंप बंद ठेवण्याचं कारण मिळतं. नुसतं उत्सर्जन मोजणाऱ्या तक्त्यात ही पाणीपातळी दिसतच नाही. सांगड हवी ती यासाठी.

प्रश्न : आणि ‘लाइकली’? मी ‘कदाचित’ लिहिलंय.

उत्तर : ते आधी बदला. आयपीसीसीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०. ‘संभाव्य’ आणि ‘अतिसंभाव्य’ लिहून पहिल्या वापरापाशी टक्के द्या.