स्वतःच्या वावरात मेटल डिटेक्टर फिरवला तर बिघडलं कुठं?

वावरवाला : पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं, म्हणून परवा नवा डिटेक्टर घेऊन उतरलो. मंगरूळपीर तालुका, अस्सल काळी. पहिला तासभर नुसती कुईकुई. बेसॉल्टची माती, लोह भरपूर, यंत्र ढेकळालाच धातू समजत होतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोहाकडं दुर्लक्ष करायची सोय, लावल्यावर जरा शहाणं झालं. निघालं काय, तर बैलाच्या नालाचे सात खिळे, वखराच्या पासेचा तुकडा, औषधाच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची सीलं मोजलीच नाहीत. शेवटी धुऱ्याजवळ वीतभर खोल एक भोकाचा पैसा! साल घासलंय, पण हे पैसे १९४३ ते १९४७ याच काळातले. आता गावाशेजारच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, जायचं म्हणतो. काय म्हणता?

खापरवेडा : वावरात खुशाल फिरा, पांढरीवर नको. तुमच्याच तालुक्यात तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांची सुमारे १६०० नाणी एकत्र सापडली. पुराणांतल्या याद्यांत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी हे राजे त्या ढिगामुळे कळले. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी नाण्यांवरची अक्षरं वाचली, कारण साठा त्यांच्यापर्यंत पोचला. तीच नाणी मोडीत सुटी सुटी गेली असती तर? पांढरीत राखेचे, खापरांचे थर असतात. नाणं कोणत्या थरात होतं यावरून त्या थराचं वय काढतात. तुम्ही खुरप्यानं उकरलं की ते गेलं.

धुऱ्यावरचा : काहून भेव दावता बाप्पा? पांढरी आमच्या आज्यानं गाडीबैलानं वावरात नेऊन टाकली, खत म्हनून. अर्धं गाव तेच करे. तवा थर कोनी मोजले नाई. अन् काळीचं तर इचारूच नका, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा पैसा खाली, खालचा वर. जाग्यावर राह्यतं काय?

खापरवेडा : काळीबद्दल पूर्ण मान्य, म्हणूनच वावराला हरकत घेतली नाही. पण आज्यानं अर्धी पांढरी नेली म्हणून उरलेली नातवानं खणायची, हा कुठला हिशोब?

बाबूराव तहसीलवाले : दोघंही कायदा विसरलात. १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. होय, दहाच, तेव्हाचे दहा म्हणजे मोठी रक्कम, आकडा मात्र कोणी बदलला नाही. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि कोणी मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. सरकारनं ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा वर. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर यंत्र नेऊच नका.

धुऱ्यावरचा : धातूची किंमत! म्हंजे दोन हजार वर्साचं नानं तांब्याच्या भावानं? मंग कोन सांगंल साहेब?

बाबूराव तहसीलवाले : हे मात्र खरं आहे. कायद्याचं दुखणं तिथंच आहे.

वावरवाला : पांढरीचा बेत रद्द. खापरवेड्यांमुळे अर्धा. उरलेला अर्धा काल रात्री झाला. दोन अनोळखी माणसं दारात, "भाऊ, यंत्र अवसेला देता का? पायाळू माणूस आमच्याकडं हाय." पायाळूला म्हणे पुरलेलं धन दिसतं. भोकाचा पैसा सापडला होता, गावात त्याचा हंडा झालाय. बॅटरी बसली म्हणून सांगितलं. यंत्र सध्या कुटाराच्या ढिगात आहे.