'शक्य तितक्या लवकर' म्हणजे नक्की किती लवकर?

पारावरचा
शाळेत शिकलो होतो: कायदा करायचा विधिमंडळाने, राबवायचा सरकारने, तपासायचा न्यायालयाने. राज्यपाल यात कुठे बसतात, हे बाईंनी कधी नीट सांगितलं नाही. आता सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय असं वाटत नाही.

तामिळनाडूच्या राज्यपालांनी १० विधेयकं अडवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये विधानसभेने ती पुन्हा मंजूर केली, तर त्यांनी ती राष्ट्रपतींकडे धाडली. ८ एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश द्यायचा कोर्टाचा अधिकार) वापरून ती मंजूरच धरली, शिवाय पुढच्यासाठी मुदती घातल्या. मग राष्ट्रपतींनी कोर्टाला १४ प्रश्न विचारले आणि २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींचं मत आलं: मुदत घालता येणार नाही, संमती गृहीतही धरता येणार नाही. फारच दिरंगाई झाली तर 'काय तो निर्णय घ्या' एवढंच कोर्ट म्हणेल.

मला हे पटत नाही. निवडून आलेल्या सभागृहाने दोनदा हो म्हटलेलं काम नेमलेल्या माणसाने नुसतं गप्प राहून अडवायचं? आपल्याकडे विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या १२ आमदारांची यादी मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्याकडे पाठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई हायकोर्ट म्हणालं, आठ महिने पुरेसे झाले. तरी काही हललं नाही. पुढे सरकार बदललं आणि यादीच मागे घेतली गेली. गप्प बसणारा जिंकला.

कलमबहाद्दर
असहमत. तुमचा राग राज्यपालांवर आहे, पण घटनेचं वाचन त्या रागातून करताय.

घटनाकारांना मुदत घालायची होती तिथे त्यांनी आकडा लिहिलाय. धन विधेयकावर राज्यसभेला १४ दिवस. साध्या विधेयकावर विधान परिषदेला पहिल्या फेरीत तीन महिने. राष्ट्रपतींनी परत पाठवलेल्या विधेयकावर विधानसभेला सहा महिने. राज्यपालांनी विधेयकाचं काय करायचं ते सांगणाऱ्या अनुच्छेद २०० मध्ये मात्र 'शक्य तितक्या लवकर', आणि तेही विधेयक परत पाठवण्यापुरतं. ती रिकामी जागा भरायची तर घटनादुरुस्ती करा. दोन न्यायमूर्तींनी बसून आकडा घालायचा असेल तर कायदा करणारं तिसरं सभागृहच झालं की ते.

माजघर
१२ आमदारांचं उदाहरण इथे बसत नाही हो. ते अनुच्छेद १७१चं काम, तिथे राज्यपालांनी मंत्रिमंडळाचा सल्ला मानायचा. विधेयकावर सही हा वेगळा विषय. बाकी चालू द्या.

पारावरचा
@माजघर, वेगळं कलम, मान्य. आजार एकच. न बोलणं.

@कलमबहाद्दर, मग हे सांगा. शिवसेनेच्या अपात्रतेचं प्रकरण. ११ मे २०२३ ला घटनापीठ म्हणालं, विधानसभा अध्यक्षांनी वाजवी वेळेत निर्णय द्यावा. महिने गेले. मग त्याच कोर्टाने ३१ डिसेंबरची तारीख दिली, वर दहा दिवस वाढवून दिले, आणि १० जानेवारी २०२४ ला निकाल आला. दहाव्या अनुसूचीत (पक्षांतरबंदीच्या नियमांत) कुठे आकडा आहे? अध्यक्षांना तारीख देता येते, राज्यपालांना नाही, हा न्याय कुठला?

कलमबहाद्दर
चांगला प्रश्न, उत्तर सरळ आहे. अपात्रता ठरवताना अध्यक्ष लवाद म्हणून बसतात, असं १९९२ च्या किहोटो होलोहान निकालातच म्हटलंय. लवादावर कोर्टाची देखरेख असतेच. विधेयकावर विचार करणारे राज्यपाल अनुच्छेद १६८ प्रमाणे विधिमंडळाचाच भाग असतात. तिथे कोर्ट घुसलं तर उद्या सभागृहाचं कामकाजही तेच चालवेल.

जुनी वही
'घटनाकारांनी मुद्दाम आकडा टाळला' हे खरं, पण अर्धं. घटनेच्या मसुद्यात राष्ट्रपतींबद्दलच्या कलमात विधेयक परत पाठवायला सहा आठवड्यांची मुदत होती. ती काढून 'शक्य तितक्या लवकर' घातलं, ती दुरुस्ती डॉ. आंबेडकरांनीच मांडली होती. संविधान सभेतले सदस्य ह. वि. कामत उठून म्हणाले, हे शब्द फार ढिले आहेत. ऐकलं नाही कोणी.

आता यातून काय काढायचं? कलमबहाद्दर म्हणतील, बघा, आकडा जाणूनबुजून काढला. मी म्हणेन, सहा आठवडे जास्त वाटले म्हणून 'लवकर' आलं, सहा वर्षं चालावीत म्हणून नव्हे.

चहाकम
कोर्टाला 'लवकर'चा अर्थ सांगायला जड जातंय यात नवल नाही. आमच्या बांधाच्या दाव्यात अठरा वर्षं तारखाच पडतायत. (अवांतर, सोडून द्या.)

कलमबहाद्दर
@जुनी वही, मसुद्याचं माहीत नव्हतं, आभार. माझा मुद्दा त्याने पक्का होतो असंच म्हणणार होतो, पण तुम्ही आधीच लिहून ठेवलंत.

एक मात्र कबूल. पाच न्यायमूर्तींच्या त्या मताने राज्यपालांना बेमुदत बसून राहायलाही मोकळीक दिलेली नाही. संमती द्या, परत पाठवा, नाहीतर राष्ट्रपतींकडे धाडा. चौथा रस्ता नाही.

पारावरचा
चौथा रस्ता नाही, पण तिन्ही रस्त्यांच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसता येतं. ती हलवायला राज्याने दर वेळी दिल्लीला वकील पाठवायचा. किती विधेयकांसाठी?