अक्कलदाढेनंतरची सूज थर्मल कॅमेऱ्याने तपासावी का?

आडवीदाढ: खालची अक्कलदाढ हाडात आडवी रुतली होती, परवा शस्त्रक्रिया करून काढली. कामावर इलेक्ट्रिक पॅनेल तपासतो तो फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा घरी होता. सहज गालावर धरला तर उजवी बाजू लालभडक! पू होतोय की काय? की यापेक्षा चांगला कॅमेरा घेऊ? कुणी वापरला असेल तर सांगा.

उष्णमापी: नवा मुळीच घेऊ नका, आणि रंगाला घाबरू नका. ऑटो स्केलवर (कॅमेरा रंगांचा पट्टा स्वतःच ठरवतो तेव्हा) चौकटीतल्या सर्वांत गरम जागेला लाल रंग मिळतो, मग ती ३४ अंश असो की ३८. तो पट्टा ३० ते ३८ अंशांवर कायम ठेवा. असे कॅमेरे २-३ अंशांनी सहज चुकतात, म्हणून आकडा सोडा. एकाच फोटोत, समोरून, दोन्ही गालांतला फरक तेवढा बघा. रोज तीच वेळ, तेच अंतर. बर्फ किंवा गरम पेय झाल्यावर लगेच नको, आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसा. दाढी वाढली असेल तर केसांचंच तापमान दिसेल.

बत्तिशी: +१. मी तर आरशातून फोटो काढत होते! काच उष्णतेचे (इन्फ्रारेड) किरण अडवते, त्यामुळे दोन दिवस आरशाची तब्येत बघितली.

दातांची_डॉक्टर: वरचं सगळं बरोबर. पण कॅमेऱ्याला कातडीचा पृष्ठभाग दिसतो, दाढेची खाच नाही. जखम भरताना रक्तपुरवठा वाढतो, गाल गरम होणारच. सूज ४८ ते ७२ तासांपर्यंत चढते, मग उतरायला हवी. मला धास्ती याच्या उलट गोष्टीची वाटते. रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं (ड्राय सॉकेट) तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो, तरी फोटो निवांत दिसू शकतो. तेव्हा फोटो बघून थांबू नका. ३८ च्या वर ताप, तिसऱ्या दिवसानंतर वाढती सूज, पू, गिळायला त्रास, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. श्वास अडत असेल तर थेट इमर्जन्सीत. तोंड किती उघडतंय?

आडवीदाढ: आज दोन बोटं, काल एकच होतं. ताप नाही. पट्टा कायम करून फरक आला १.१ अंश.

दातांची_डॉक्टर: मग ठीक चाललंय. उद्याही बोटं मोजा, फोटो काढला नाहीत तरी चालेल.