'रूपांतरी तळी'ला मराठीत काय म्हणावं?

मलप्रभा: खानापूर भागासाठी कोविडवरच्या एका कानडी आरोग्यपत्रकाचं मराठी करतेय. 'रूपांतरी तळी' (विषाणूचा 'व्हेरियंट') आणि 'कण्गावलु' (विषाणूतल्या बदलांवर सतत लक्ष ठेवणं) इथं गाडी अडली. 'उत्परिवर्तन' आणि 'जनुकीय पाळत' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी दोन्ही खोडले. सुचवा काहीतरी.

वडगावकर: पहिला खोडला ते योग्यच. उत्परिवर्तन म्हणजे विषाणूच्या सुमारे ३०,००० अक्षरी आरएनएतला एकेक बदल. एन५०१वाय घ्या. काटेरी प्रथिनात ५०१ व्या जागचं अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल जाऊन टायरोसिन आलं. हा बदल अल्फा, बीटा, गॅमा, ओमिक्रॉन, चौघांतही आहे. मग 'नवं उत्परिवर्तन आलं' म्हटल्यावर नेमकं कोण आलं? बदलांचा ठरावीक संच घेऊन पसरतो तो 'उपप्रकार'.

घटप्रभा: कानडीत पिकाच्या जातीलाही 'तळी'च म्हणतात. आपल्याकडं 'वाण' असताना उपप्रकार कशाला? ८६०३२ म्हटलं की अथणीपासून निपाणीपर्यंत ऊसवाल्यांना कळतं. वाण हा 'वर्ण'वरून आलेला, म्हणून तर 'वाण नाही पण गुण लागला'.

वडगावकर: ताई, बेणं लावलं की उसाचा वाण तोच राहतो. विषाणू पसरता पसरता बदलत जातो. एकट्या डेल्टाला 'एवाय' नावाच्या शंभरावर शाखा फुटल्या. त्या शाखांना 'वंश' म्हणा, वाण नको.

चिकोडीकर: 'व्हेरियंट'च ठेवा की. बी.१.६१७.२ तोंडात बसेना आणि देशांची नावं चिकटायला लागली, म्हणून ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ग्रीक अक्षरं दिली. डेल्टा घेतला, मग व्हेरियंटनं काय घोडं मारलं?

वडगावकर: डेल्टा विशेषनाम आहे, व्हेरियंट सामान्यनाम. सामान्यनामाला मराठी हवंच.

निपाणीची शारदा: 'पाळत' मात्र नको. पाळत चोरावर ठेवतात. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर अहवाल दाखवून पलीकडून आलेल्यांना हा शब्द टोचेल, आणि माणसं नमुना द्यायला कचरतील. 'सर्वेक्षण' खात्यात रुळलाय.

घटप्रभा: सर्वेक्षण एकदा होतं आणि संपतं. हे काम लाटा ओसरल्यावरही चालू ठेवावं लागतं. 'कण्गावलु' म्हणजे डोळ्यांचा पहारा, त्याला 'टेहळणी' जवळचा.

निपाणीची शारदा: शब्द राहू द्या, पत्रकात 'प्रत्येक पॉझिटिव्ह नमुन्याचं क्रमनिर्धारण होतं' (म्हणजे आरएनएतली अक्षरं ओळीनं वाचली जातात) असं असेल तर आधी ते काढा. सहसा सीटी (आरटी-पीसीआर चाचणीत विषाणू दिसेपर्यंत लागलेली चक्रं) २५ च्या आतले नमुने निवडतात. आकडा ३० च्या वर गेला की आरएनए इतका कमी असतो की क्रमात भोकं पडतात. शिवाय साधारण ४०० अक्षरांचे एकमेकांवर चढलेले तुकडे वाढवताना प्रायमर (तुकड्याची सुरुवात करून देणारा छोटा धागा) बसायच्या जागीच बदल झाला असेल, तर तो तुकडा गळतो आणि अहवालात तिथं नुसते 'एन', म्हणजे न कळलेली अक्षरं, येतात. स्वॅब २ ते ८ अंशांवर ७२ तासांच्या आत पोचला नाही तर उणे ७० लागतं. तालुक्यातनं पाठवताना हेच बिघडतं.

चिकोडीकर: आणि चाचणीत एस जनुक (काटेरी प्रथिनाचं) दिसलं नाही म्हणजे ओमिक्रॉन, असंही लिहू नका. ओमिक्रॉनच्या बीए.१ या शाखेत काटेरी प्रथिनातली ६९-७० ही अमिनो आम्लांची जोडी गळालेली, म्हणून काही किटांत एस दिसत नव्हतं. बीए.२ मध्ये ती शाबूत, त्यामुळं एस दिसायचं. अल्फातही ती गळालेलीच होती.

मलप्रभा: पत्रकात खरंच 'प्रत्येक नमुना' आहे! बदलते. पण मग 'सीटी'ला काय लिहू? 'चक्र-आकडा' चालेल?

वडगावकर: 'आवर्तनांक' म्हणा.

घटप्रभा: आवर्तन म्हटल्यावर कालव्याचं पाणीच आठवणार हो आमच्याकडं. आणि 'वाण'चं काय ठरलं?