भिगवणला उडवलेल्या फ्लेमिंगोंचा फोटो: टाकावा की नाही?

काठावरचा:
मागच्या रविवारी पहाटे भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्याकाठी कुंभारगावला गेलेलो. धुकं होतं, साधारण दोनशे फ्लेमिंगो उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चिखल गाळत होते. आमच्या बोटवाल्या काकांनी लांबच इंजिन बंद केलं आणि बांबूने ढकलत थोडं पुढे नेऊन थांबले. तेवढ्यात दुसरी एक बोट थेट थव्यात घुसली, त्यातला एक जण ओरडतोय "अजून घ्या, उडतील आता". उडालेच. आणि मी काय केलं, तर कॅमेरा उचलला आणि बर्स्ट मारला, म्हणजे सलग धडाधड फोटो. एका फ्रेममध्ये पुढचे चार-पाच पाण्यावर पळतायत, माना ताणलेल्या, पंखातला लाल-काळा रंग पूर्ण उघडा. इतक्या वर्षांत असा फोटो मिळाला नव्हता. तरी माझं मत, असले फोटो कोणीच टाकू नयेत, मी पण नाही, कारण लाइक्स त्यालाच पडतात म्हणून तर पुढचा माणूस बोटवाल्याला उडवायला सांगतो. बोला.

शटरवेडा:
अति होतंय राव. तू उडवलेस का? नाही ना. तिथे दिवसभर मच्छीमारांच्या होड्या फिरतात, वरून एखादा हॅरियर, म्हणजे शिकारी पक्षी, गेला तरी अख्खा थवा उठतो आणि थोड्या वेळाने परत बसतो. पक्षी आहे, उडणारच. टाक बिनधास्त.

चिखलपाय:
मच्छीमार आपल्या जाळ्याकडे सरळ जातो, त्यांच्या अंगावर बोट घालत नाही. आणि फ्लेमिंगो काय चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही, तेवढं अंग उचलायला आधी पाण्यावर पळावं लागतं. सीझनच्या रविवारी एका सकाळी दहा बोटी धर, प्रत्येकाला एक फ्लाइट शॉट पाहिजे, मग त्यांनी खायचं कधी? मी फक्त माना बघते. चरताना सगळ्या खाली असतात, एकेक वर यायला लागली आणि थवा गोळा होऊन एका बाजूला चालायला लागला की आपण जास्त पुढे आलोय, तिथेच थांबायचं. बाकी १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पिटाळणं पण आहे, फोटोसाठी कोणाला आत टाकणार नाहीत पण वाचून ठेवा एकदा.

शटरवेडा:
मग काय काठावरून ठिपके काढू? नाशिककडच्या नांदूर मधमेश्वरला गेलोय, राज्यातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा वगैरे सगळं ठीक, पण मनोऱ्यावरून सहाशे एमएमच्या लांब लेन्सने सुद्धा पक्षी मुंगीएवढा येतो.

चिखलपाय:
मनोऱ्यावर फोटो येत नाही म्हणून पक्षी उडवायचा? तिथेच काठाला दोन तास गप्प बसले होते, जांभळी पाणकोंबडी पार जवळ येऊन देठ सोलून खात होती. तुझा मोबाईल वाजत असेल.

गाळपेर:
मी तिकडचाच. आजोबांची जमीन उजनी धरणात गेली, चुलता आता त्याच पाण्यावर बोट चालवतो. सगळे बोटवाल्यावर घसरतात पण "जवळ घ्या" म्हणतं कोण? पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईकच ना? नाही उडवले तर टिप नाही, वर पुढच्या वेळी दुसरी बोट धरणार. चुलत्याला तर पक्षी उडालेले नकोच असतात, थवा उठून तिकडे पळसदेवच्या बाजूला गेला तर नऊच्या गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, रिकामं पाणी?

शटरवेडा:
हे पटलं. पण मग चूक सांगणाऱ्याची झाली, फोटोची कशी?

काठावरचा:
कारण तो सांगणारा फोटो बघूनच आलेला असतो. घरट्याचे फोटो आठव, आधी पिल्लांना भरवतानाचे ढीगभर यायचे, फांद्या वाकवून काढलेले, मग बऱ्याच स्पर्धांनी ते घेणंच बंद केलं आणि आता कोणी टाकला तर शिव्या पडतात.

चिखलपाय:
डिलीट केलास का मग?

काठावरचा:
नाही झालं हातून. कुठे टाकला नाही, फक्त काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, म्हटलं त्यांच्या बोटीतून काढलाय, त्यांना आवडेल. त्यांनी डीपी ठेवलाय.

गाळपेर:
झालं कल्याण. उद्यापासून बुकिंगला फोन करणारा प्रत्येक जण म्हणणार, काका, तुमच्या डीपीवर आहे ना, तस्साच पाहिजे.