टांगाईलचा 'छापा' म्हणावं की नको?

खानापूरकर:
गणपतीच्या अंकासाठी १९७१ च्या युद्धावर लेख लिहायला घेतलाय आणि एका शब्दापाशी अडकलोय. ११ डिसेंबरला आपल्या लष्कराची २ पॅरा पलटण पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, टांगाईलजवळ पॅराशूटनं उतरली, तो प्रसंग. एका लेखात 'कमांडोंचा छापा' असं लिवलंय. दुसरीकडे 'छत्रीधारी सैनिकांची फौज उतरली' असं आहे. कन्नडमध्ये वाचलं तर सरळ 'दाळी', म्हणजे हल्ला. आमच्या गल्लीतले फौजी मामा मात्र नुसतं 'जंप' म्हणतात, पुढं बोलायलाच तयार नाहीत. आकडे तर बघूच नका, कुठं सातशे, कुठं पाच हजार. मी काय लिहू?

कॅम्पातला:
आधी 'कमांडो' काढून टाका. आपल्या बेळगावात हा शब्द फार स्वस्त झालाय. इथं कमांडो कोर्स चालतो, देशभरातल्या पलटणींतले तरुण ऑफिसर आणि जवान येऊन तो करून जातात. कोर्स केला म्हणून कोणी स्पेशल फोर्सेसमध्ये जात नाही, आपल्या पलटणीतच परत जातो, फार तर घातक प्लाटूनमध्ये, म्हणजे पलटणीच्याच खास हल्ला तुकडीत घेतात. पण पेपरवाल्यांना टोपीवर बिल्ला दिसला की झाला कमांडो.

२ पॅरा ही मूळची ३ मराठा, म्हणजे आपल्याच बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरच्या घरातली. १९७१ मध्ये ती छत्रीधारी पायदळ पलटण होती. स्पेशल फोर्सेस ती पुढं झाली, कित्येक वर्षांनी. आजचं नाव उचलून त्या दिवसाच्या गोष्टीला लावलं की 'कमांडो' तयार होतो. एखाद्या वर्णनात हा शब्द दिसला तर समजा, लिहिणाऱ्यानं अलीकडचं काहीतरी वाचून लिहिलंय.

पाच हजारांचा आकडा त्या वेळच्या विदेशी पेपरांतला. उतरले एक पलटण, सातशेच्या आसपास. आकडा फुगला तो आपल्या फायद्याचाच होता, ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानी सेनापतींना तो खरा वाटला तर बरंच की. म्हणून जुनी बातमी आहे, म्हणजे जास्त खरी, असं धरून चालू नका.

निपाणीच्या बाई:
'छापा'बद्दल मी थोडं लिहिते. छाप्यात तीन गोष्टी लागतात: अचानक येणं, घाव घालणं आणि निघून जाणं. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. १६६३ मध्ये लाल महालात महाराजांनी शायिस्तेखानावर घातला तो छापा. पुणे काबीज करायला ते आत शिरले नव्हते. आता टांगाईल बघा. पूंगलीचा पूल धरून ठेवायचा, उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची आणि आपलं मुख्य सैन्य येईपर्यंत तिथून हलायचं नाही. जिथं पाय रोवून बसायचं आहे तो छापा कसा? 'पॅराशूटनं उतरून पूल ताब्यात घेतला' एवढं साधं लिहा.

त्याच डिसेंबरमधला खरा छापा हवा असेल तर छाछरोचा घ्या. १० पॅरा कमांडो, जयपूरचे सवाई भवानीसिंग त्यांचे कमांडर. वाळवंटातून जीपगाड्यांनी सिंधमध्ये खोल शिरले, ठाण्यावर तुटून पडले आणि परतले. इथं 'कमांडो'ही बरोबर आणि 'छापा'ही.

कन्नडमधल्या 'दाळी'वर रागावू नका. त्यांचा शब्द ऐसपैस आहे, लोकायुक्तांची दाळी, अतिरेक्यांची दाळी, सैन्याचीही दाळीच. आपल्याला मात्र निवड करावी लागते. 'धाड' लिहाल तर दरोडेखोर नाहीतर पोलीस डोळ्यांपुढे येतात, आणि 'छापा'ला हल्ली आयकरवाल्यांचा वास येतो ही अडचण मलाही मान्य आहे.

खानापूरकर:
बाई, पटलं. मग २०१६ मध्ये नियंत्रण रेषेवर जे झालं त्याला काय म्हणायचं? 'कारवाई' चालेल?

कॅम्पातला:
'कारवाई' म्हणजे झाकणाचा शब्द, गा. नगरपालिका अतिक्रमणावर करते ती पण कारवाईच. २९ सप्टेंबर २०१६ ला आपल्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी, 'सर्जिकल स्ट्राइक' म्हटलं. पाकिस्ताननं म्हटलं असलं काही झालंच नाही, नुसता गोळीबार झाला आणि आमचे दोन जवान गेले. दोन्ही बाजू मांडायच्या तर प्रत्येकाचा शब्द त्याच्या तोंडीच राहू दे. 'कारवाई' लिहून दोघांनाही खूश करायला गेलात तर वाचणाऱ्याला भांडण कशावरून आहे तेच कळणार नाही.

२०१५ मध्ये म्यानमार सरहद्दीवर आपल्या लष्करानं अतिरेक्यांवर हल्ला केला, ती गोष्ट याहून मजेदार. लष्कराच्या निवेदनात 'सीमेलगत' होतं, टीव्हीवर सगळीकडं 'सीमेपार'. म्यानमार म्हणालं, जे झालं ते भारताच्याच हद्दीत. सगळा वाद त्या एका शब्दावर. आपण सीमाभागातली माणसं, 'लगत' आणि 'पार' यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

निपाणीच्या बाई:
'चकमक'सुद्धा जपून वापरा. चकमक झडायला दोन्हीकडून गोळ्या सुटाव्या लागतात. २०११ मध्ये लादेन मारला गेला तेव्हा व्हाइट हाउसनं आधी तो लढत होता असं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी सांगितलं की तो निःशस्त्र होता. त्या आवारातून गोळीबार झाला, पण त्याच्या हस्तकाकडून. तेव्हा 'चकमकीत ठार' हे वाक्य लादेनला लावता येत नाही, हस्तकाला लागतं.

आणि कृपा करून 'कंठस्नान घातले' लिहू नका. मुलांच्या निबंधात ते वाचून कंटाळा आलाय.

खानापूरकर:
बरं, मग असं लिहितो: '११ डिसेंबर १९७१ रोजी २ पॅरा (मराठा) पलटणीचे सुमारे सातशे जवान टांगाईलजवळ पॅराशूटनं उतरले आणि त्यांनी पूंगलीचा पूल ताब्यात घेतला.' 'छत्रीधारी' ठेवू का?

कॅम्पातला:
मामांना विचारा. माझ्या मते 'पॅरा'च राहू दे, छत्री म्हटलं की आजची पोरं पावसाळ्यातली समजतात.