स्मार्टफोनशिवाय स्मार्ट घर : टॅबलेट आणि संगणकावर भागतं का?

कुळागरकर
स्मार्टफोन सोडला त्याला दोन वर्षं झाली. खिशात बटनांचा फोन आहे. तरी घरातले दिवे, पंखे, विहिरीवरचा पंप सगळं चालतं, स्वयंपाकघराच्या दारापाशी भिंतीला लावलेल्या टॅबलेटवरून आणि माजघरातल्या संगणकावरून. भाचा परवा म्हणाला, "मामा, फोनशिवाय स्मार्ट घर म्हणजे अर्धवट काम." मला हे अजिबात पटत नाही. घर सगळ्यांचं असतं. ऍप माझ्या फोनात आणि मी फोंड्याला बाजारात, मग आईने अंगणातला दिवा कसा लावायचा?

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर घर चालवणारं होम असिस्टंट टाकलंय. २०१३ पासूनची मुक्त प्रणाली आहे, ब्राउझरमध्ये उघडते आणि इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात चालते. बल्ब आणि प्लग झिगबीचे घेतले, म्हणजे वायफायऐवजी आपल्या वेगळ्या बिनतारी सिग्नलवर चालणारे. ते जोडायला कंपनीचं ऍप लागत नाही. रास्पबेरी पायला झिगबीचं यूएसबी डोंगल लावायचं, 'नवीन उपकरण जोडा' दाबायचं, बल्ब चालू करायचा. आमच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून मागच्या खोलीत सिग्नल पोचेना, तेव्हा मध्ये दोन प्लग लावले, ते सिग्नल पुढे नेतात. (बॅटरीवरचे सेन्सर नेत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.)

म्हापशाहून
काका, तुम्ही घरात असता तोवर सगळं मान्य. पण स्वस्तातले बहुतेक वायफाय बल्ब कंपनीच्या ऍपशिवाय जोडलेच जात नाहीत, आणि त्यातली कित्येक ऍप टॅबलेटवर धड चालत नाहीत. शिवाय मालक बाहेर पडला हे घराला फोनच्या लोकेशनवरून कळतं. तुमचा टॅबलेट तर भिंतीवर! माझी आई घरी एकटी असते, मी दिवसभर पणजीत कामावर. गेल्या पावसात मागचं दार उघडं राहिलं, सेन्सरचा निरोप माझ्या फोनवर आला, लगेच शेजारच्या काकूंना सांगता आलं. बटनांच्या फोनवर मला काय कळलं असतं?

साखळीची सून
मी काकांच्या बाजूची. सासऱ्यांचे हात थरथरतात, फोनवरची बारीक बटनं त्यांना दाबता येत नाहीत. दहा इंची टॅबलेटवर मी चारच मोठे चौकोन ठेवलेत: पंखा, ओटी, न्हाणीघर, देवघर. तिन्हीसांजेला देवघरातला दिवा ते स्वतः लावतात, तळव्याने पूर्ण चौकोन दाबून. मला हाक मारावी लागत नाही, याचं त्यांना केवढं समाधान आहे ते चेहऱ्यावर दिसतं.

एक सांगते, टॅबलेट सतत चार्जिंगला ठेवू नका. आमच्या पहिल्याची बॅटरी फुगली, स्क्रीन कडेने उचलून आली. आता चार्जरच स्मार्ट प्लगवर आहे. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की चालू, ८० ला बंद.

पेडण्याचा वायरमन
काका, पंप कशावर आहे? साध्या स्मार्ट प्लगवर असेल तर आजच काढा. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, प्लगच्या आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटतो. मग टॅबलेटवर 'बंद' दिसतं आणि पंप चालूच राहतो. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा जास्त करंट झेलणारा मोठा स्विच, घाला. आणि भिंतीवरची साधी बटनं कुणीही काढून टाकू नका. जूनमध्ये वीज कडाडली की राउटर जायला वेळ लागत नाही.

कुळागरकर
कॉन्टॅक्टर पहिल्या दिवसापासून आहे. साधी बटनंही सगळी जाग्यावर आहेत. राउटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर.

म्हापशाहून, तुमचं दाराचं म्हणणं मी खोडणार नाही. बाहेर पडताना मी चौकटीजवळचं झिगबीचं बटन दाबतो, मग घराला कळतं कुणी नाही. पण दाबायचं लक्षात राहावं लागतं, आणि दूरवर असताना मला काहीच समजत नाही, हेही खरं. तरी विचारतो: तुम्ही पणजीत असताना तुमच्या आईला घरातलं सगळं स्वतः चालवता येतं का?

म्हापशाहून
दिवे येतात, भिंतीवर बटनं आहेत. पंख्याचा वेग मात्र ऍपवरच आहे. सोमवारी आईने मला ऑफिसात फोन करून पंखा कमी करायला सांगितला. तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतंय. कपाटात जुना टॅबलेट पडून आहे, या रविवारी तिच्या खाटेजवळ लावतो. फोन मात्र मी सोडणार नाही, मागच्या दारासाठी.